आज्ज्यांचा तास

सकाळी टँकरचा भोंगा वाजला आणि माझं डोकं तापलं. उन्हं अजून अंगणात उतरलीही नव्हती. चैत्र संपत आला की आमच्या भरे गावातनं पाण्याच्या टँकरांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि एरवी बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागणारी मी दिसेल त्याच्यावर खेकसायला लागते. सुनेला वाटतं, उन्हानं होतंय. ती माठात वाळा टाकते, कोकमाचं सरबत हातात देते, म्हणते, "आई, डोक्याला तेल लावून पडा जरा." अगं बाई, मला उन्हाचं काय कौतुक! सरकारी आरोग्यसेविका म्हणून उभा जन्म ह्या मुळशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पायी तुडवल्या, खांद्याला लशीचा डबा अडकवून. ऊन माझं काही वाकडं करू शकत नाही. मला बाधतो तो गेल्या वर्षीचा वैशाख. तो आठवला की हातातलं भांडं आपोआप आदळलं जातं.

तसा हा महिना माझ्या आवडीचा. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात, माळ्यावर आढीत घातलेल्या रायवळ आंब्यांचा घमघमाट घरभर असतो, दुपारी गाव कसं गपगार पडलेलं असतं. ह्याच दिवसांत भाताच्या रोपासाठी राब भाजतात. वावराच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, गवत, शेण पसरून पेटवून देतात आणि त्याचा धूर संध्याकाळभर गावावर रेंगाळतो. मला तो वास आवडतो. पण आता गावाला लागून उंचच उंच सोसायटी झाली आहे, आणि धूर निघाला की तिथनं माणूस येतो, बंद करा म्हणून सांगायला. जिथं ती सोसायटी उभी आहे तिथंही राबच भाजला जायचा. ते वावर शेवंताच्या घरचं होतं.

शेवंता म्हणजे माझी मैत्रीण. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक, नऊवारीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला आक्का म्हणते आणि ती मला, सगळ्या गावासारखीच, शिस्टर. भावकीनं ते मोठं वावर विकलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वाट्याला ओढ्यापलीकडचा तुकडा आला, आणि त्यातली विहीर. गावात उन्हाळ्यात न आटणाऱ्या विहिरी मोजक्या, त्यातली ही एक. तिचा मुलगा दत्ता तिच्यावरनं टँकर भरतो आणि सोसायटीला पुरवतो. सकाळी भोंगा वाजला तो त्याच्याच टँकरचा.

तर गेल्या वर्षी थंडी सरत आली तेव्हा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठांसाठी वर्ग सुरू झाला. तिथल्या आजी-आजोबांबरोबर गावातल्या बायकांनाही बोलावणं आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? निवृत्त झाल्यापासून डोकं गंजत चाललं होतं. काहीतरी नवं शिकायला मिळेल म्हणून इस्त्रीची साडी नेसून गेले. आणि तिथं काय, तर "आज्ज्यांनोऽऽ, सगळ्यांनी टाळ्याऽऽ!"

वर्ग घ्यायच्या त्या मधुरा मॅडम. चाळिशीच्या, हसतमुख, मनानं वाईट नाहीत. पण त्यांचा तो बालवाडीचा सूर! आधी वर टाळी, मग खाली टाळी, मग शेजारणीच्या हातावर टाळी. टाळ्या झाल्या की रंगीत खडू. छापील कागदावरची फुलं रंगवायची, रेषेबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही, आणि जिचा गेला नाही तिच्या मनगटावर मॅडम चमकी चांदणी चिकटवणार. शेवंताच्या मनगटावर, हिरव्या गोंदणाच्या शेजारी ती चांदणी बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस माणसांच्या खटल्यात भाकरी थापलेला हात तो! शेवंताला मात्र गंमत वाटली. तिनं नखानं चांदणी उचकटली, माझ्या कपाळाला टिकलीसारखी लावली आणि म्हणाली, "घे शिस्टर. आता तू बी पास."

म्हातारपणाला दुसरं बालपण म्हणणारा माणूस मला एकदा समोर हवा आहे. लहान मूल पडतं, उठतं, भलतंच काही विचारतं, आणि आपण म्हणतो, वा, शिकतंय! आम्ही पडलो की म्हणतात, आता घरात बसा. लहान मुलाला माहीत नसतं म्हणून शिकवतात. आम्हाला जे माहीत आहे ते गुंडाळून ठेवायला शिकवतात, आणि वरनं विचारतात, मजा आली ना आज्जी? मजा! माझं रक्त उकळतंय आणि ह्यांना मजा!

मग सहल निघाली, लवासाला. बस आली, डोक्यावर सगळ्यांना सारख्या पिवळ्या टोप्या आल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात एक पट्टी. पट्टीवर नाव, आणि नावाखाली मुलाचा मोबाईल नंबर. आमचा नाही, मुलाचा. म्हणजे सापडलोच कुठं तर परत कुणाला करायचं ते कळावं. माझ्या स्वतःच्या पिशवीत माझा स्वतःचा चालू फोन होता. मी ती पट्टी काढून पिशवीत कोंबली तर मॅडमनी गोड हसून पुन्हा गळ्यात घातली.

तळ्याकाठी नेऊन आम्हाला कठड्याला टेकून उभं केलं. खाली पाणी निळंशार, वाऱ्यानं थरथरणारं. जवळ जायचं नाही, घसराल. पायऱ्या उतरायच्या नाहीत, गुडघे दुखतील. इडली-चटणी तिथंच उभ्यानं खाल्ली. मग मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, "आज्जी, तुम्हाला पुढच्या महिन्यात काय शिकायला आवडेल?" कुणी म्हणालं केक, कुणी म्हणालं मोबाईलवर पैसे कसे पाठवायचे. शेवंता पाण्याकडं बघत होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं मान वळवली नाही.

"मला पवायला शिकायचंय," ती म्हणाली.

हशा पिकला. अगदी टाळ्यांसकट. मॅडम म्हणाल्या, "ओ हो, किती क्यूट!" आणि फोन काढून तिचा फोटो घेतला. क्यूट! मांजरीच्या पिल्लाला म्हणतात ते. त्या क्षणी मला त्या पिवळ्या टोप्या एकेक करून त्या तळ्यात भिरकावाव्याशा वाटल्या.

परतीच्या वाटेवर बसमध्ये निम्म्याजणी डुलक्या काढत होत्या. शेवंता खिडकीशी होती. म्हणाली, "माजं म्हायेर ताम्हिणीच्या अंगाला, तुला ठावं हाय. पल्याड म्हशी चारायला न्यायच्या तर वढा वलांडाय लागायचा. पावसाळ्यात वढा कसला, नदीच ती. पोरं पवत जायची. आमी पोरी म्हशीची शेपटी धरून. म्हस फुडं पवती अन् आमी मागनं तरंगतोय. खाली पाय टेकत न्हाई, कानात पानी, लई भारी वाटायचं बग. पर आय सांगायची, शेपटी सोडायची न्हाई. सोडली की ग्येलीस."

"मग?"

"मंग काय, लगीन झालं!" ती हसली. "आता एकदा शेपटी सोडून बगायचीय मला. मरायच्या आदी." ती हसत होती, पण मला हसू आलं नाही. तीस वर्षं बायकांच्या नाड्या बघितल्या आहेत मी. कोण गमतीनं बोलतंय आणि कोण जिवापासनं, ते मला कळतं.

सोसायटीतच वृषाली म्हणून एक बाई राहायच्या. पंचेचाळिशीच्या, कॉलेजात असताना पोहण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्या आपण होऊन आल्या. म्हणाल्या, "मी शिकवते. हसण्यासारखं काय आहे त्यात?" त्यांनी कमिटीशी भांडून सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात उतरायची परवानगी आणली. तास कुठला मिळाला? दुपारी दोनचा. चैत्र-वैशाखातल्या दुपारी दोनला त्या तलावाकडं कुत्रं फिरकत नाही, म्हणून तो आम्हाला. तिथल्या रखवालदारानं त्याला नाव ठेवलं आज्ज्यांचा तास.

गावातल्या सहाजणी तयार झालो. शेवंता, मी, बुद्धविहाराजवळची कमल, आणि आणखी तिघी. कमल पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला होती, माझ्याच वयाची, बोलणं कमी पण एकेक शब्द मोजून मारलेला. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर बसून नुसते पाय पाण्यात सोडले. अहाहा! बाहेर फरशी तव्यासारखी तापलेली आणि पोटऱ्यांपर्यंत गार पाणी. दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. काठाला बसवलेली धरायची नळी घट्ट पकडायची आणि पाय मागं मारायचे. शेवंताचे पाय असे काही चालायचे की वृषालीबाई भिजून चिंब व्हायच्या. त्यांनी एकदाही आज्जी म्हटलं नाही. "शेवंताबाई, श्वास सोडा. कमलताई, खांदे सैल." नावानं हाक मारली की माणूस कसं ताठ उभं राहतं ते तिथं दिसत होतं.

अडचण होती कपड्यांची. दुकानातले पोहण्याचे कपडे आमच्या अंगाला होईनात, झाले तरी घालवेनात. म्हणून लेकीसुनांचे जुने सलवार-कुडते घालून उतरत होतो. ते फिकट रंगाचे, भिजले की अंगाला चिकटायचे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक गृहस्थ त्या टळटळीत दुपारी नेमके कुंड्यांना पाणी घालायला यायचे. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, गडद कापड घ्यायचं. डाळिंबी रंगाचं जाड सुती कापड घेतलं, पिरंगुटच्या शिंपीणबाईकडनं सहा सारखे झगे आणि सहा विजारी शिवून घेतल्या. नवं गडद सूत रंग सोडतं हे काय आम्हाला माहीत नाही? रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवलं, पिळलं, बादलीत पुन्हा बुडवून बघितलं. रंग पक्का. आणि इथंच आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली. तलावाच्या पाण्यात औषध असतं! गावोगावच्या विहिरींत मी ह्या हातांनी ब्लिचिंग पावडर टाकली, तिचा शिंतोडा उडून माझ्या साड्यांना डाग पडले, तरी माझ्या टाळक्यात हे आलं नाही. बादलीत टिकला तो रंग तलावातही टिकणार, असं धरून सहाजणी मिरवत पाण्यात उतरलो.

त्याच दिवशी शेवंतानं नळी सोडली. मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं. आधी चार बोटं सुटली, मग अंगठा. डोळे मिटलेले, तोंड आवळलेलं. क्षणभरच, पण ती कशालाही न धरता पाण्यावर होती. आणि तेवढ्यात रखवालदार ओरडला, "ओ मावश्यांनो, पाणी लाल झालं! बाहेर या, बाहेर!" शेवंता दचकली, नाकातोंडात पाणी गेलं, ठसकत तिनं नळी धरली. आमच्याभोवती पाण्यात डाळिंबी ढग पसरत चालले होते. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि आधी खो खो हसलोच. आम्हाला काय माहीत, वरनं फोटो निघतायत.

ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेले. वृषालीबाईंनीच मला दाखवलं. कुणीतरी लिहिलं होतं, बाहेरच्या लोकांना पाण्यात सोडतंय कोण, त्यांना काही त्वचेचे रोग असतील. दुसऱ्यानं लिहिलं होतं, महिन्याच्या अडचणीत पाण्यात उतरू नये एवढी तरी अक्कल हवी. महिन्याची अडचण! आमच्यातली सगळ्यात धाकटी साठी ओलांडलेली! चांगले शिकलेसवरलेले लोक, मोठमोठ्या कंपन्यांत कामाला, आणि बाईच्या शरीराची एवढीही माहिती नाही? मला तिथल्या तिथं सगळ्यांना खाली बोलावून, फळ्यावर चित्र काढून समजावून सांगावंसं वाटलं. टाळ्या वाजवायला लावून. संध्याकाळपर्यंत त्याच औषधानं तो रंग खाऊन टाकला, पाणी होतं तसं स्वच्छ झालं. रंगाची गोष्ट तेवढीच होती. पण दुसऱ्या दिवशी फाटकावर रखवालदारानं हात आडवा केला.

मी सेक्रेटरीसाहेबांना गाठलं. निवृत्त गृहस्थ, आवाज कसा मऊसूत. "मावशी, बसा ना. हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हो. हॉल आहे की तुम्हाला, खुर्चीतला योग आहे, भजन आहे. उद्या पाण्यात काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. माझ्या जिवाला मी जबाबदार."

"तसं नाही चालत. आम्ही तुमच्या मुलांशी बोलून घेतो."

माझा तोलच गेला. "मुलांशी? त्या दत्ताला पहिला श्वास घ्यायला मी लावलाय, उलटा धरून, पाठीत थापट्या मारून! आणि त्याच्या आईनं पाण्यात उतरायचं की नाही ते आता तो ठरवणार? तुम्ही कुणाला विचारून उतरता हो तलावात?" साहेब हसले. चिडलेल्या म्हातारीकडं बघून माणसं हसतात ना, तसं. बाईनं तरुणपणी आवाज चढवला तर तिला कजाग म्हणतात. म्हातारपणी चढवला तर तेवढीही किंमत देत नाहीत, बिचारीचं बीपी वाढलंय म्हणतात.

फोन गेला. त्याच संध्याकाळी दत्ता आईच्या पुढ्यात उभा. मी ओट्यावरच होते, पण त्याला माझी लाज नव्हती. "आई, ह्ये बंद कर. सायबांचा फोन आलता. लोक हसत्यात. माजं तितं काम हाय, तुजा नाद माज्या पोटावर यील. ह्या वयात काय सुचतंय तुला?"

तो गेल्यावर शेवंता म्हणाली, "ऱ्हाऊ दे, शिस्टर. न्हाई तर न्हाई. पोराचं नुकसान कशाला?" आणि मी तिच्यावरच भडकले. म्हटलं, आक्का, आयुष्यभर हेच केलंस. सासू नको म्हणाली, ऱ्हाऊ दे. नवरा नको म्हणाला, ऱ्हाऊ दे. वावर विकलं, ऱ्हाऊ दे. आता पोरगं! तुझं म्हणून काही हाय का न्हाई? ती पदरानं ओटा झटकत राहिली. मी तणतणत घरी आले आणि सुनेनं पुढं केलेलं ताटही बाजूला सारलं. तरण्या माणसाचा एक उन्हाळा गेला तर पुढचा असतो. एकाहत्तराव्या वर्षी पुढच्या वेळी बघू म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला.

दोन-चार दिवसांनी शेवंताच्या ओट्यावर आम्ही तिघी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो, ती, मी आणि कमल. कुणी तो विषय काढत नव्हतं. मग कमलनंच काढला, अडकित्त्यावरची नजर न हलवता.

"आता बाटलं म्हणत न्हाईत. हायजीन म्हणत्यात."

"काय बाटलं?" शेवंतानं विचारलं.

"पानी. आक्का, तुज्या ह्याच विहिरीवर आमी आयसंगं येऊन थांबायचो. भांडं खाली ठिवायचं अन् तुमच्या घरातनं कुनी येस्तवर उनात बसायचं. आलं तर वाढायचं, न्हाई तर बसा. मी बारकी व्हते. पानी समोर दिसायचं, पर हात लावायचा न्हाई. परवा फाटकातनं माघारी फिरले तवा तेच आटावलं बग."

शेवंताचा हात थांबला. ती म्हणाली, "माज्या सासूच्या टायमाला आसंल."

"तुजी सासू व्हतीच. अन् मागनं तू बी व्हतीस, नवी नवरी. तू चांगली व्हतीस," कमल म्हणाली. "वरनं दमानं वतायचीस. अंगावर उडू द्यायची न्हाईस."

कमलच्या बोलण्यात कुठंही धार नव्हती. कैरी फुटल्याचा आवाज आला, पुन्हा एक फुटली. शेवंताचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा कधी बघितला नव्हता. चांगली व्हतीस, हे तिला लागलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्या दिवशी ती उरलेल्या कैऱ्यांना शिवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा भोंगा एकदाच वाजला. प्यायच्या पाण्याची खेप भरून गेल्यावर शेवंतानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. सातबाऱ्यावर नाव तिचं, विहीर तिची. दत्ता धावत आला. "आई, तलावाची खेप ऱ्हायलीय. किल्ली दे."

"प्यायाचं पानी कुनाचं तोडायचं न्हाई. ती खेप रोज जाईल," शेवंता म्हणाली. "हौदाची न्हाई."

"का?"

"माजं पानी तितं जातंय अन् मी गेले तर बाटतंय. तर मंग कशाला जातंय?"

"अगं, माजं कंत्राट तोडत्याल! दुसरा टँकरवाला बगत्याल!"

"बगू दे. वैशाखात कुनाच्या विहिरीत पानी हाय, मला बी बगू दे."

दत्ता माझ्याकडं वळला. "मावशी, तुमी तरी सांगा तिला."

"मी काय सांगणार बाबा?" मी म्हटलं. "मला खुर्चीतला योग शिकायचाय." खरं सांगते, वर्षभरात एवढं समाधानाचं वाक्य माझ्या तोंडातनं गेलं नसेल.

उन्हाळ्यात तो तलाव रोज बोटभर खाली जातो. रोजची भर थांबली तशी काठाच्या फरशीची एकेक ओळ कोरडी पडत गेली. वृषालीबाई सांगायच्या, पाणी जाळीच्या खाली गेलं की गाळायचं यंत्र बंद करावं लागतं, आणि मग उन्हात पाणी हिरवं पडायला वेळ लागत नाही. मुलांचं सुट्टीतलं शिबिर तोंडावर आलेलं. दत्ता घरात जेवेना, आईशी बोलेना. शेवंता त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि किल्ली कनवटीलाच घेऊन झोपायची. ती निर्धास्त होती असं समजू नका. एकदा हळूच म्हणाली, "शिस्टर, पोरानं घराभाईर काडलं तर तुज्याकडं जागा हाय का गं?" मी म्हटलं, "तुझ्या आधी माझा मुलगा मला काढेल, आपण दोघी कमलकडं जाऊ." तेव्हा कुठं हसली.

आज सोसायटीच्या फाटकावर मोठा रंगीत फलक आहे. त्यावर शेवंताचा ओल्या केसांचा फोटो आणि खाली लिहिलंय, ज्येष्ठांसाठी आमचा अभिनव उपक्रम. आमचा म्हणे! येता-जाता तो फलक दिसतो आणि माझी नखं तळव्यात रुततात. तुमचा काय त्यात? तुमचं होतं ते आडव्या हाताचं फाटक. मी इथं लिहितेय ते एवढ्यासाठीच, की उद्या कुणाला तो फलक खरा वाटायला नको.

शेवटी सेक्रेटरीसाहेब आणि मधुरा मॅडम शेवंताच्या अंगणात आले. बरोबर शाल आणि नारळ! आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला काही द्यायचं नसलं की शाल आणि नारळ देतात. मॅडम म्हणाल्या, "आज्जी, तुम्ही तर आमच्या सोसायटीची जलमाता! आम्हाला तुमचा सत्कार करायचाय." दत्ता दाराशी उभा, चेहरा उतरलेला. शेवंतानं ती शाल घेतली, चिमटीत धरून तिचा पोत बघितला.

"अंग पुसायला ब्येस हाय," ती म्हणाली. "कवा उतरायचं?"

साहेब घुटमळले. म्हणाले, तुमच्यासाठी अपवाद म्हणून करता येईल, तुम्ही एकट्या...

"सगळ्याजणी. अन् पयली कमल उतरंल."

"कमिटीपुढं ठेवावं लागेल, मावशी."

"ठिवा. किल्ली बी मंग कमिटीलाच मागा."

कमिटी त्याच रात्री बसली. पाणी भरून, गाळून, स्वच्छ व्हायला मधे काही दिवस गेले. मग एका दुपारी दोनला आम्ही सहाजणी पुन्हा त्या तापल्या फरशीवरनं चटके खात गेलो, त्याच डाळिंबी कपड्यांत, जे धुऊन धुऊन फिके पडले होते. गॅलरीत माणसं होती. कठड्यापाशी सेक्रेटरीसाहेब, फोन वर धरलेल्या मधुरा मॅडम, आणि जरा लांब दत्ता. कमल पायऱ्या उतरली. काठावर क्षणभर थांबली, ओंजळभर पाणी घेतलं, चेहऱ्यावर मारलं आणि छातीपर्यंत आत गेली. तिच्यामागं शेवंता, मग आम्ही.

शेवंतानं नळी धरलीच नाही. वृषालीबाईंनी पाठीखाली हात दिला, ती उताणी झाली, आणि थोड्या वेळानं वृषालीबाईंनी हात काढून घेतला. ते तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती हळूहळू काठापासनं लांब गेली. खोल पाण्याकडं.

"आज्जीऽऽ, व्हेरी गुऽऽड! इकडं बघा, इकडं!" मधुरा मॅडम ओरडत होत्या. साहेब हातवारे करून सांगत होते, पुरे, पुरे, काठाला या. दत्ता चपलांसकट पहिल्या पायरीवर उतरला होता. "आई, धर काईतरी! आई, माघारी ये! आई!"

शेवंताचा नुसता चेहरा पाण्याबाहेर होता, आभाळाकडं केलेला. कान पाण्याखाली होते. तिला ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.